टायरमधील पंक्चररोधक द्रव : कुठे वापरावा, कुठे जपून

बाभळीचे काटे आणि कपाशी-तुरीची धसकटे यांमुळे ट्रॅक्टर, ट्रॉलीची चाके वारंवार पंक्चर होतात. ऐन पेरणीत किंवा ऊस वाहतुकीत हा खोळंबा परवडत नाही. त्यामुळे अनेक शेतकरी टायरमध्ये पंक्चररोधक द्रव (सीलंट) भरतात. मात्र तो प्रत्येक वाहनाला सारखाच मानवतो असे नाही.

कार्यपद्धती
द्रवात बारीक तंतू व रबराचे कण असतात. छिद्रातून हवा बाहेर पडू लागली की ते तिथे अडकतात आणि छिद्र बुजते. टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागातील लहान छिद्रांनाच याचा उपयोग होतो. बाजूची भिंत फाटल्यास टायर बदलावा.

चाकाच्या संतुलनावर परिणाम
चाक फिरताना द्रव आतून सर्वत्र पसरतो. वाहन उभे राहिले की तो ओघळून तळाशी साचतो आणि चाकाची एक बाजू जड होते. शेतात ट्रॅक्टर संथ चालत असल्याने हा फरक जाणवत नाही. मात्र ताशी 60 किमीच्या पुढे धावणाऱ्या पिकअपचे स्टिअरिंग थरथरू शकते. द्रव जास्त झाला किंवा आत सुकून त्याचा गोळा झाला, तर थरथर कायम राहते. त्यामुळे टायर असमान झिजतो व बेअरिंगवर ताण येतो.

घ्यावयाची काळजी
• टायरच्या मापानुसार डब्यावर दिलेली मात्राच भरावी.
• पिकअपच्या चाकांचे बॅलन्सिंग द्रव भरण्यापूर्वी करून घ्यावे. द्रव आत असताना मशीनवरील आकडा बदलत राहतो.
• द्रव भरल्यावर लगेच काही किलोमीटर सावकाश चालवावे.
• हवा तपासताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवावा, म्हणजे त्यात द्रव अडकत नाही.
• वजनासाठी पाणी भरलेल्या टायरमध्ये द्रव टाकू नये, तो पातळ होतो.
• पंक्चर काढताना दुकानदाराला कल्पना द्यावी. टायर आतून धुऊन कोरडा केल्याशिवाय पॅच चिकटत नाही.
• टायर चढवलेल्या रिमवर वेल्डिंग कधीही करू नये. टायर फुटून जीव जाऊ शकतो.

महत्त्वाचे
हा द्रव तात्पुरता आधार आहे. छिद्र बुजले तरी हवा हळूहळू कमी होऊ शकते. कमी हवेच्या टायरवर भरलेली ट्रॉली ओढल्यास टायर तापून भर रस्त्यात फुटतो. म्हणून आठवड्यातून एकदा आणि प्रत्येक वाहतुकीपूर्वी हवेचा दाब तपासा.