एका वर्षाची वर्गणी

आमच्या नात्यातल्या एका मुलीने वर्षभर परदेशात स्वयंसेवक म्हणून जायचं ठरवलं आहे. राहण्या-जेवणाचं तिथली संस्था बघणार, पण विमानाचं भाडं, व्हिसा, विमा, लसी हे सगळं तिने उभं करायचं. त्यामुळे सध्या ती सगळ्यांकडे पैसे मागत फिरते आहे आणि आमच्या घराघरात चर्चा रंगल्या आहेत. "सेवाच करायची तर इथे काय गरजू कमी आहेत?" हा एक प्रश्न. आणि "हिच्या हौसेला आम्ही का पैसे द्यायचे?" हा दुसरा. (हा तिच्यासमोर कोणी विचारत नाही, ती गेल्यावर विचारतात!) मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे असं काही कानावर पडलं की मन आपोआप मागे जातं. या वेळी ते जाऊन थांबलं १९३८ सालात, सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांपाशी.

कोटणीसांची गोष्ट आपल्याला माहीत असते ती चीनमधली. व्ही. शांतारामांचा १९४६ चा चित्रपट पाहिलेले आमच्या आधीच्या पिढीत खूप होते. पण ते तिथे गेले कसे? तिकिटाचे, औषधांचे पैसे कोणी दिले? कोटणीसही गेले होते ते एका वर्षासाठीच, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं.

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर पुरतं युद्ध लादलं. डिसेंबरात नानकिंग पडलं. त्याच्या थोडं आधी, नोव्हेंबरात, चिनी कम्युनिस्टांचे सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली होती. नेहरूंनी तो विषय लावून धरला आणि १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झालेल्या सुभाषबाबूंनी तो तडीस नेला. ३० जूनला त्यांनी जाहीर आवाहन केलं, ७ ते ९ जुलै हे दिवस चीन निधीसाठी ठरले आणि बावीस हजार रुपये जमले.

बावीस हजार! आज एखाद्या लग्नात फुलांच्या सजावटीला याहून जास्त जातात. म्हणून मी पाटीवर हिशोब मांडून पाहिला (जुनी खोड). तेव्हा सोनं साधारण पस्तीस रुपये तोळा होतं, म्हणजे सहाशे तोळ्यांच्या वर सोनं. दुसऱ्या बाजूने बघा. सोळा आण्यांचा रुपया. प्रत्येकाने एकेक आणा दिला असं धरलं तर साडेतीन लाख हात लागतात. अर्थात मोठ्या रकमा देणारेही असणारच, पण आकड्याचा आवाका कळावा म्हणून सांगितलं. आणि हे पैसे दिले ते पारतंत्र्यातल्या लोकांनी, ज्यांना स्वतःलाच कोणीतरी मदत करावी अशी परिस्थिती होती. "इथे काय गरजू कमी आहेत?" हा प्रश्न १९३८ च्या हिंदुस्थानात आजच्यापेक्षा कितीतरी खरा होता.

महाराष्ट्राला वर्गणीची सवय होती म्हणा. अंताजी दामोदर काळ्यांनी घरटी एकेक पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावचा काच कारखाना निघाला. १९२१ च्या टिळक स्वराज्य फंडाने तर कोटीची मजल गाठली. पण ते सगळं आपल्या घरासाठी होतं. चीनशी लोकांचा संबंध काय? कोटणीसांच्या घरी म्हणे चीनची माहिती एवढीच, की तिकडचे फेरीवाले दारावर रेशीम विकायला येतात!

पैसे जमले, आता माणसं. प्रमुख होते अलाहाबादचे डॉ. अटल, ते स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आले होते. नागपूरचे डॉ. चोळकर हे जुने काँग्रेसी, वयाने सगळ्यांत वडील. कलकत्त्याचे डॉ. देबेश मुखर्जी आणि डॉ. रणेन सेन. पण डॉ. सेन यांना सरकारने पासपोर्ट दिला नाही, ऐनवेळी त्यांच्या जागी डॉ. बसू आले. आजकाल व्हिसासाठी खेटे घालावे लागतात म्हणून आपण वैतागतो; तेव्हा परक्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या पक्षाचं पथक त्याच सरकारच्या पासपोर्टवर न्यायचं होतं. पाचवे कोटणीस.

कोटणीस तेव्हा सत्तावीस वर्षांचे. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून पदवी घेऊन पुढचं शिकत होते. घर कनिष्ठ मध्यमवर्गीय, दोन भाऊ, पाच बहिणी. अशा घरातला मुलगा डॉक्टर होतो तेव्हा तो एकट्याचा डॉक्टर नसतो, हे आमच्या पिढीला वेगळं सांगायला नको. त्याची पहिली कमाई कुठे कुठे लागणार हे आधीच ठरलेलं असतं. त्यांनी घरी परवानगी विचारली. वडिलांनी जा म्हटलं. आईला फार वाईट वाटलं. निधीची गोष्ट सांगताना बावीस हजारांचा आकडा सगळे लिहितात, मी वर्गात तोच सांगत आले. पण या घराने जे दिलं ते कुठल्याच पावती पुस्तकात नाही, आणि माझ्या मते त्या निधीतली सगळ्यांत मोठी वर्गणी तीच होती.

आणि हौसेचं म्हणाल, तर जग हिंडावं, निरनिराळ्या देशांत डॉक्टरी करावी ही इच्छा कोटणीसांना आधीपासून होती, असं त्यांच्याविषयी लिहिलेलं आहे. मला त्यात काही गैर वाटत नाही. हौस नसलेला माणूस इतक्या लांब जाईलच कशाला?

निरोपाला सरोजिनी नायडू होत्या. १ सप्टेंबर १९३८ रोजी 'राजपुताना' बोट मुंबईहून सुटली, बरोबर रुग्णवाहिका आणि औषधं. १७ तारखेला पथक कँटनला पोचलं. त्यानंतर पाच आठवड्यांच्या आत कँटन जपान्यांच्या हाती गेलं! जुलैमध्ये वर्गणी रेंगाळली असती, पासपोर्टात आणखी महिना गेला असता, तर निदान त्या वाटेने तरी ते चीनमध्ये जाऊ शकले नसते.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. काही महिन्यांतच वडील गेल्याची बातमी आली, पण कोटणीस परतले नाहीत. वर्ष संपलं, बाकीचे चौघे आपापल्या वेळी परत आले, बसू सगळ्यांत शेवटी, १९४३ मध्ये. कोटणीसांनी तिथेच क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं, ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला आणि ९ डिसेंबरला ते गेले. बत्तिसावं नुकतंच पूर्ण झालं होतं. ज्या सुभाषबाबूंनी जपानविरुद्ध लढणाऱ्यांसाठी हे पथक पाठवलं, ते पुढच्याच वर्षी जपानच्या मदतीने आझाद हिंद सेना उभी करत होते. इतिहास शिकवताना अशा जागी मुलं हमखास विचारायची, "बाई, मग बरोबर कोण?" आणि तास संपायची घंटा काही वेळेवर व्हायची नाही. असो.

सोलापुरात भैय्या चौकात कोटणीसांचं स्मारक आहे, जमल्यास जरूर बघा. नागपूरच्या चोळकरांविषयी मात्र माझ्या हाती फार थोडं लागलं. पिकल्या वयात घरदार सोडून युद्धाच्या धामधुमीत गेलेल्या या डॉक्टरांना त्यांच्या घरच्यांनी काय म्हटलं असेल? नागपूरकडच्या कोणा वाचकाच्या घरी काही आठवण, पत्र, फोटो असेल तर मला अवश्य कळवा.