नांव आणि चेहरा

पांझरेच्या कांठीं वसलेल्या पिंपळनेर गांवीं आमच्या एका आप्तांच्या माजघरांत एक जुनें छायाचित्र आहे. मध्यें खुर्चीवर फेटा बांधलेले एक वृद्ध गृहस्थ, मागें दोन तरुण, बाजूस डोकीवरून पदर घेतलेल्या दोन स्त्रिया, आणि पायाशीं जरीच्या टोपींतील एक मूल. मागील पुठ्ठ्यावर शाईनें एकच नांव आणि ‘मु. पिंपळनेर, जि. पश्चिम खानदेश’ एवढें लिहिलेलें आहे. नांव आहे, गांव आहे. तरी तें नांव कोणाचें हें आज त्या घरांत कोणासही सांगतां येत नाहीं. कारण त्या कुळांत त्याच नांवाचे तीन पुरुष होऊन गेले!

आजा वारल्यावर जन्मलेल्या नातवास त्याचें नांव ठेवण्याची चाल आपल्याकडे फार जुनी. शिवछत्रपति १६८० सालीं निवर्तले. त्यानंतर १६८२ सालीं संभाजीमहाराजांस झालेल्या पुत्राचें नांव शिवाजी, आणि १६९६ सालीं राजाराममहाराज व ताराबाई यांस झालेल्या पुत्राचेंही नांव शिवाजीच. त्यांपैकीं पहिल्यास इतिहास शाहू या नांवानें ओळखतो. पेशव्यांच्या घराण्यांतही बाळाजी विश्वनाथांचें नांव नातवाकडे आलें, आणि १७४० सालीं पेशवाईचीं वस्त्रें मिळालेले हे बाळाजी नानासाहेब म्हणूनच प्रसिद्ध झाले. थोरांच्या घरीं जो घोटाळा बखरी व पत्रें निवारतात, तो सामान्यांच्या घरीं कोण निवारणार?

दुसरें नांव रूढ होण्यास घरांतील मर्यादाही कारण होते. सुनेनें सासऱ्याचें नांव उच्चारावयाचें नाहीं. मग तेंच नांव धारण करणाऱ्या आपल्या मुलास तिनें हांक कशी मारावी? ती त्यास ‘आबा’, ‘नाना’, ‘आप्पा’ म्हणे, आणि पुढें गांवही तेंच म्हणे. मुलें जगत नसलीं म्हणजे दृष्ट लागूं नये म्हणून दगडू, भिका, उखर्डू अशीं नांवें खानदेशांत ठेवीत. हीं नांवें हंसण्याजोगीं नाहींत. त्या प्रत्येकामागें एखाद्या मातेचें रिकामें झालेलें पाळणें असे.

वर सांगितलेल्या छायाचित्राचा उलगडा थोडा करतां येतो. खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग १९०६ सालीं झाले. पुढें ‘पश्चिम खानदेश’ हें नांवही जाऊन धुळें आलें. तेव्हां हा मजकूर १९०६ पूर्वींचा नव्हे. तिघांपैकीं पहिले पुरुष त्याआधींच वारले होते, असें घरांत सांगतात. उरले दोघे. नांव वृद्धाचें असेल तर ते दुसरे; मुलाचें असेल तर तें मूल तिसरें, आणि मग वृद्ध कोणी भाऊबंद ठरतात. एवढ्यावर तर्क थांबतो. ज्या आजीबाईंस हे सारे चेहरे पाठ होते, त्यांस विचारावयाचें आम्ही ‘पुढल्या खेपेस’ म्हणून ठेवलें, आणि ती खेप आली नाहीं.

त्यांतही स्त्रियांची दशा अधिक कठीण. पुरुषाचें नांव निदान नातवाकडे जातें. स्त्रीचें माहेरचें नांव लग्नांत तांदळाच्या ताटांतच बदललें, आणि पुढें ती अमक्याची आई म्हणूनच ओळखली गेली. छायाचित्रांतील त्या दोन स्त्रियांचीं नांवें पुठ्ठ्यावर नाहींत, आणि कोणाच्या स्मरणांतही उरलीं नाहींत.

इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १९२६ सालीं धुळ्यास देह ठेवला, आणि पुढल्याच वर्षीं तेथें त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ उभें राहिलें. गांवोगांव फिरून दप्तरें वांचविणाऱ्या या पुरुषाचा धडा आपल्या घरापुरता तरी गिरवावा. कुळपरंपरा नांव राखते, पण चेहरा राखीत नाहीं. छायाचित्र चेहरा राखतें, पण नांव राखीत नाहीं. दोहोंची गांठ घालणारें माणूस घरांत आहे तोंवर त्याच्याजवळ बसून प्रत्येक तसबिरीमागें नांव, बापाचें नांव, स्त्रियांचें माहेर आणि साल लिहून घ्यावें. यास फार तर एक दुपार लागेल; आमची ती दुपार मात्र हुकली.