विषाद, धर्मकथा आणि औषध

कांहीं महिन्यांपूर्वीं माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला होता. इकडच्या तिकडच्या चार गोष्टी झाल्यावर तो मुद्द्यावर आला. त्याची आई गेलीं अकरा वर्षें खिन्न असते. रात्रीं झोंप नाहीं, अन्नावर वासना नाहीं, नातवंडें मांडीवर येऊन बसलीं तरी चेहरा हलत नाहीं. धर्मपर कादंबऱ्या मात्र ती वाचते. संतचरित्रांवर रचलेल्या, देवस्थानांच्या महिम्याभोंवतीं गुंफलेल्या, जशा मिळतील तशा. वाचीत असतां तिला हलकें वाटतें; पुस्तक मिटलें कीं पुन्हां पहिल्यासारखें. वैद्याचें नांव काढलें तर म्हणते, "देवावर भरंवसा ठेवायचा आणि गोळ्याही घ्यायच्या, हें कसें जमावें?" "सर," त्यानें मला विचारलें, "आतां तिला आणखी कोणतें पुस्तक देऊं?"

मीं उठून कपाटांतून बनियनच्या 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस'ची प्रत काढून दिली आणि म्हटलें, "तूं वाच आणि मराठींत तिला सांग. धर्म निराळा असला तरी गोष्ट कोणालाही आपली वाटेल अशी आहे." पंचवीस वर्षें इंग्रजी वाङ्मय शिकवीत आलेल्या माणसाचा हात अशा वेळीं सवयीनें कपाटाकडेच जातो. तो गेल्यावर मात्र मला चुकल्याचुकल्यासारखें होऊं लागलें. ज्या ग्रंथकाराचें पुस्तक मीं औषध म्हणून दिलें, त्याच्या स्वतःच्या विषादांत पुस्तकांनीं काय केलें हें मला ठाऊक होतें. त्याच्या काळचे कडवे धर्मनिष्ठ लोक श्रद्धा आणि औषध यांचें नातें कसें मानीत, हेंही ठाऊक होतें. त्यांतलें कांहींच मीं त्याला सांगितलें नाहीं. तें येथें सांगतों.

जॉन बनियन १६२८ सालीं बेडफर्डजवळच्या एल्स्टो या खेड्यांत जन्मला. बाप भांडीं सांधणारा. मुलानें तोच धंदा उचलला. १६६६ सालीं, परवान्यावांचून धर्मोपदेश केल्याच्या गुन्ह्याबद्दल तुरुंगांत असतां, त्यानें 'ग्रेस अबाउंडिंग' हें आत्मवृत्त प्रसिद्ध केलें. तारुण्यांत वर्षानुवर्षें आपल्या मनाला ज्या अंधारानें घेरलें होतें, त्याची हकीकत त्यांत आहे. त्यांतला एक प्रसंग मी वर्गांत नेहमीं सांगतों. देवळाच्या घंटा वाजविण्याचा त्याला मोठा नाद होता. तो नाद पापरूप आहे असें मनानें घेतल्यावर त्यानें वाजविणें सोडलें. परंतु दुसरे वाजवीत असतां पाहण्याचा मोह सुटेना. मग घंटा निसटून अंगावर पडली तर, या भयानें तो तुळईखालीं उभा राहूं लागला. ती भिंतीवर आदळून उलट आली तर, म्हणून मनोऱ्याच्या दारांत आला. शेवटीं सबंध मनोराच कोसळला तर, म्हणून तेथूनही पळाला. मुलें या ठिकाणीं हंसतात. ज्यानें असा रोगी घरांत पाहिला आहे त्याला हंसूं येत नाहीं.

पुढें याहून वाईट दिवस आले. 'ख्रिस्ताला विकून टाक' असें कोणी तरी कानाशीं अहोरात्र म्हणत असल्याचा त्याला भास होई. एके सकाळीं थकून जाऊन त्याच्या मनानें त्या आवाजाला होकार दिला, आणि तेव्हांपासून आपण कायमचे शापित झालों अशी त्याची खात्री पटली. आतां या माणसानें वाचलें काय तें पाहावें. लग्न झालें तेव्हां नवराबायकोच्या घरांत एक थाळी वा चमचा नव्हता. बायकोनें बापाकडून आलेलीं दोन धर्मपुस्तकें तेवढीं आणलीं होतीं. त्यांनीं त्याच्या मनांत धर्माची ओढ उत्पन्न केली. पुढें मार्टिन ल्यूथरचें गलतीकरांस पत्रावरील भाष्य त्याच्या हातीं लागलें. पानें उलटतां तुकडे पडावेत इतकी ती प्रत जीर्ण होती. पण आपल्याच अंतःकरणांतून कोणी तें लिहिलें आहे असें त्याला वाटलें, आणि घायाळ मनासाठीं बायबलखालोखाल तेंच पुस्तक तो श्रेष्ठ मानूं लागला. याच काळांत त्यानें फ्रान्सिस स्पीराची कथा वाचली. स्पीरा हा पादुआजवळचा एक इटालियन वकील. १५४८ सालीं त्यानें भयास्तव आपलें नवें धर्ममत सोडलें आणि आतां आपल्याला क्षमा नाहीं या निराशेंत तो त्याच वर्षीं मेला. ही कथाही धर्मपरच होती, सद्धेतूनें लिहिलेली होती, आणि इंग्लंडांत घरोघर वाचली जात होती. बनियनला ती ताज्या जखमेवर मीठ चोळल्यासारखी झाली. वाचक तोच, दुखणेंही तेंच. एका पुस्तकानें त्याला उठविलें आणि दुसऱ्यानें आणखी खालीं लोटलें.

तेव्हां 'धर्मपर वाचनानें खिन्नता जाते काय' या प्रश्नाला इतिहासांत सरळ उत्तर नाहीं. परंतु 'वाचन कीं वैद्य' या दुसऱ्या प्रश्नाला मात्र आहे, आणि तें ज्यानें दिलें तो कोणी नास्तिक पंडित नव्हता. रिचर्ड बॅक्स्टर (१६१५–१६९१) हा प्युरिटन पंथाचा अत्यंत वजनदार धर्मोपदेशक. बालपणीं त्याला अद्भुत कथाकादंबऱ्यांचें वेड होतें, आणि पुढें जन्मभर तो त्या वेडाला दोष देत राहिला. दारावर आलेल्या एका गरीब फेरीवाल्याकडून बापानें विकत घेतलेल्या सिब्झच्या धर्मग्रंथानें त्याच्या मनाला वळण लागलें. म्हणजे ग्रंथाचा गुण त्यानें अंगावर घेतलेला होता. स्वतः जन्माचा रोगी; आणि किडरमिन्स्टरला असतां गांवांत वैद्य नाहीं म्हणून कांहीं वर्षें त्यानें विनामूल्य वैद्यकीही केली. खिन्न माणसें त्याच्याकडे रीघ लावून येत. अशांसाठीं त्यानें जें लिहिलें तें वाचतांना हा गृहस्थ सतराव्या शतकांतला कीं आपल्या शेजारचा, असा प्रश्न पडतो. एकटें बसूं नका, म्हणतो. लांबलचक ध्यान करूं नका, कारण तुमचें चिंतन हें चिंतन नसून स्वतःला कुरतडणें आहे. रिकामें राहूं नका, हाताला काम ठेवा. आणि इतकें करून गुण न आला तर औषधाची हयगय करूं नका.

औषधानें आत्म्याचें दुखणें कसें जाईल, अशी शंका तेव्हांचेही रोगी घेत. माझ्या विद्यार्थ्याची आई घेते तीच. बॅक्स्टरचें म्हणणें असें कीं, आत्मा आणि देह एका घरांत राहतात, एकाचें बिघडलें कीं दुसऱ्याला सोसावें लागतें. फार काय, हें दुखणें सैतानाचें आहे असें जरी मानलें तरी औषध घ्यावें. कारण ज्या काळ्या पित्तावर तो पथारी टाकून बसला आहे तें काढून टाकलें कीं त्याचें अंथरूणच गेलें! त्यानें एका बाईची हकीकत दिली आहे. ती बोलेना, औषध घेईना, नवऱ्याला खोलीबाहेर जाऊं देईना. त्या कोंडमाऱ्यानें आणि दुःखानें नवरा बिचारा मेला, आणि बाई पुढें नळीनें बळेंच औषध घशांत घातल्यावर बरी झाली. बळजबरीचा तो मार्ग आज कोणी पत्करणार नाहीं, आणि त्या काळच्या रेचकांनीं व वांतिकारकांनीं किती जणांना गुण आला असेल याचीही मला शंकाच आहे. मला त्या हकीकतींत नवऱ्याचें मरण अधिक बोलकें वाटतें. घरांतल्या एकाचा विषाद सगळें घर खाऊन टाकतो, हें त्या धर्मोपदेशकाच्या नजरेंतून सुटलें नव्हतें.

पुढच्या शतकांतला विल्यम कौपर (१७३१–१८००) हा कवि आपल्याकडे शाळकरी मुलांना जॉन गिल्पिनच्या विनोदी घोडदौडीमुळें ठाऊक असे. तें काव्य लिहिणारा माणूस आयुष्यांत किती वेळां वेडाच्या कांठावर उभा राहिला, हें फारसें कोणी सांगत नसे. लंडनमध्यें कायद्याचें शिक्षण घेत असतां, विशीच्या सुमारास, त्याला विषण्णतेचा पहिला झटका आला. तेव्हां जॉर्ज हर्बर्टच्या धर्मपर कवितांनीं त्याला विसांवा मिळे. परंतु एका जवळच्या नातलगानें, या वाचनानें खिन्नता जाण्याऐवजीं पोसली जाईल, असें सांगून तें पुस्तक बाजूस ठेवावयास लाविलें. नातलगाचें बरोबर होतें काय? मला सांगतां येत नाहीं. १७६३ सालीं सरकारी जागेसाठीं परीक्षेला उभें राहण्याच्या धास्तीनें कौपरचा तोल पुरता गेला, जीवावर उदार होण्यापर्यंत मजल गेली, आणि त्याला सेंट ऑल्बन्स येथील डॉक्टर नॅथॅनिएल कॉटन यांच्या आरोग्यगृहांत ठेवण्यांत आलें. कॉटन वैद्य होता, कवि होता आणि श्रद्धाळूही होता. तेथें दीड वर्ष औषधपाणी, शांत बाग आणि वैद्याचें प्रेमळ बोलणें चाललें होतें. आणि तेथेंच एके दिवशीं बायबल वाचतां वाचतां कौपरचें मन उजळलें. औषधानें कीं वचनानें, याची फोड करणें मला कठीण वाटतें.

परंतु दुखणें परत आलें. ऑल्नी येथें जॉन न्यूटन या धर्मोपदेशकाबरोबर तो स्तोत्रें रचीत होता. १७७३ सालीं एका भयंकर स्वप्नानंतर, ईश्वरानें आपल्याला, इतर कोणाला नव्हे, आपल्यालाच टाकलें आहे, असा त्याचा ग्रह झाला आणि तो मरेपर्यंत पुरता गेला नाहीं. ज्याचीं स्तोत्रें आजही चर्चमध्यें गायिलीं जातात तो पुढें देवळांत पाऊल टाकीनासा झाला. न्यूटनच्या कडक उपदेशानें हें झालें काय, यावर इंग्रज चरित्रकारांनीं पुष्कळ शाई खर्च केली आहे. मला तो वाद पोकळ वाटतो. पहिले दोन झटके न्यूटनची गांठ पडण्यापूर्वींचे आहेत. आणि त्या न्यूटननेंच त्याला वर्षभर स्वतःच्या घरीं सांभाळलें. श्रद्धेनें रोग दिला नाहीं. रोगानें श्रद्धेची भाषा उसनी घेतली, एवढेंच. त्या उरलेल्या सत्तावीस वर्षांत मिसेस अनविन यांची शुश्रूषा, पाळलेले तीन ससे, सुतारकाम, बाग आणि होमरचें भाषांतर यांनीं त्याला तगविलें. आपल्या सशांवर त्यानें १७८४ सालीं एका मासिकांत लेखही लिहिला. आणि १७८५ सालच्या एका काव्यांत त्यानें बनियनचें मनापासून गुणगान केलें. मात्र भांडीं सांधणाऱ्याचें नांव ऐकून सुशिक्षित लोक नाक मुरडतील म्हणून नांव घेण्याचें टाळलें!

याच बनियनच्या पुस्तकाचें हरि केशवजी यांनीं केलेलें मराठी रूप 'यात्रिक क्रमण' या नांवानें १८४१ सालीं निघालें. पुढें १८५७ सालीं बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' आली. आपल्या भाषेंतली पहिली कादंबरी म्हणून जिचें नांव घेतलें जातें, तीही धर्मपरच. तिच्यांतलें दुःख मात्र निराळ्या जातीचें आहे. केशवपन झालेल्या विधवेचा विषाद वैद्याच्या कुपीनें जाणारा नव्हता. तिथें रूढीच बदलावयास हवी होती. खिन्न माणसाला औषध घ्या म्हणून सांगणाऱ्यानें हेंही विसरूं नये.

आणि आपल्या वैद्यकाचें काय? चरकानें रोग वाढविणाऱ्या गोष्टींत विषादाला अग्रस्थान दिलें आहे आणि उपचाराचे तीन प्रकार सांगितले आहेत: मंत्र, जप, नियम इत्यादि दैवव्यपाश्रय, आहार व औषधें हें युक्तिव्यपाश्रय, आणि मनाला अहितापासून आंवरणारें सत्त्वावजय. तिन्ही एकाच वाक्यांत शेजारीं शेजारीं बसले आहेत. औषध घेणें म्हणजे श्रद्धा कमी पडल्याची कबुली, ही समजूत बॅक्स्टरची नाहीं आणि चरकाचीही नाहीं. धर्म आणि शास्त्र यांचें हाडवैर एकोणिसाव्या शतकांत आम्हीं इंग्रजी पुस्तकांतून पाठ केलें. ही समजूत त्या अभ्यासाचें फळ असावें, असा माझा तर्क आहे. बॅक्स्टरजवळ रेचकांपलीकडे फारसें कांहीं नव्हतें. १९५० नंतर विषादावरचीं खरीं औषधें निघालीं. संवादानें मन उलगडण्याच्या पद्धति सिद्ध झाल्या. तीं औषधें प्रत्येकाला लागू पडत नाहींत, पडलीं तरी गुण दिसावयास कांहीं आठवडे जातात. पण कौपरला तीं मिळालीं असतीं तर, हा विचार त्याचीं शेवटचीं पत्रें वाचतांना मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

आतां मीं दिलेल्या पुस्तकाबद्दल. (पात्रांचीं नांवें मीं माझ्या सोयीनें मराठींत आणलीं आहेत.) त्याच्या पहिल्या भागांत, १६७८ सालच्या, निराशा नांवाचा राक्षस यात्रेकरूला आणि त्याच्या सोबत्याला संशयदुर्गांत बुधवारपासून शनिवारपर्यंत कोंडतो, मारतो, आणि तुम्हीं स्वतःच जीव द्या असा सल्ला देतो. शेवटीं यात्रेकरूला आपल्याच उराशीं असलेली वचनरूपी किल्ली आठवते आणि दारें उघडतात. सर्वांच्या लक्षांत राहते ती किल्ली. पण किल्ली सांपडेपर्यंत त्याला मरूं न देणारा, समजावीत बसणारा आशावंत नांवाचा सोबती होता, हें सहसा कोणी सांगत नाहीं. १६८४ सालचा दुसरा भाग तर फारच थोडे वाचतात. त्यांत महाहृदय तो राक्षस मारतो, दुर्ग पाडतो, आणि आंत अर्धमेला होऊन पडलेला विषण्ण नांवाचा म्हातारा व त्याची मुलगी यांना बाहेर काढतो. मग वाद्यें वाजूं लागतात. मुलगी एका लंगड्या यात्रेकरूबरोबर नाचते, आणि तो हातांत कुबडी धरून तालांत पाऊल टाकतो. म्हातारा नाचत नाहीं. त्याला भूक लागलेली आहे. यात्रेकरूची बायको त्याला उपदेश करीत नाहीं, वचन ऐकवीत नाहीं. आपल्या कुपींतलें थोडें औषधी मद्य आधीं पाजते आणि मग त्याच्यासाठीं कांहीं खावयास करते.

मीं त्या विद्यार्थ्याला पत्र लिहून हा प्रसंग कोठें आहे तें कळविलें, आणि तो आईला आधीं वाचून दाखव म्हणून सांगितलें. पत्राच्या पाठीमागें येथील एका मानसवैद्याचा पत्ता लिहिला. गेल्या पंधरवड्यांत त्याचें उत्तर आलें. आई एकदां जाऊन आली आहे. दुसऱ्यांदा जाईल कीं नाहीं हें सांगवत नाहीं, असें तो लिहितो. पुस्तक अजून त्यांच्याकडेच आहे.