औषधीचे वय: शिंक्यापासून छापील तारखेपर्यंत

औषधाच्या बाटलीवर मुदतीची तारीख छापली जाऊ लागली, त्याआधी मुळी अजून कामाची आहे की तिचा कस उतरला आहे, हे माणसे कशावरून ठरवीत असतील? आजचा धागा याच प्रश्नाचा आहे. त्यासाठी डहाणू आणि तलासरीकडे जाऊ.

उत्तर कोकणचे हे शेवटचे टोक. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला चढत जाणारे डोंगर, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतींनाही ओल धरायला लावणारा पाऊस. वारली, कोकणा, धोडिया, काथोडी अशा समाजांची ही भूमी. इतिहासाच्या वाचकांना तलासरीची ओळख असते ती १९४५ साली झरी येथे भरलेल्या परिषदेमुळे आणि गोदावरी परुळेकरांच्या नावामुळे. वेठबिगारीविरुद्धचा तो लढा मोठाच आहे, आणि त्याच्यावर स्वतंत्र धागा व्हायला हवा. आज मात्र आपण त्याच झोपड्यांच्या आढ्याकडे पाहणार आहोत, जिथे वर्षभराचा औषधसाठा टांगलेला असे.

रानातल्या माणसाच्या औषधज्ञानाला शास्त्राने कधी मान दिला नाही, असा एक समज आहे. सुश्रुतसंहिता काही वेगळे सांगते. औषधी ओळखायच्या कोणाकडून, याचे उत्तर देताना ती गुराखी, तपस्वी, व्याध, वनचर आणि कंदमुळांवर जगणारे यांची नावे घेते. म्हणजे ग्रंथाच्या दृष्टीने वनस्पतीची ओळख रानात पटायची. तिचे पुढचे संस्कार वैद्याच्या घरी व्हायचे. डहाणूच्या भगताची परंपरा या ग्रंथांतून आली असे म्हणण्यास आधार नाही. दोन्हींपुढे प्रश्न मात्र एकच होता: आणलेली मुळी टिकवायची कशी?

चरकसंहितेच्या कल्पस्थानात औषधी ठेवण्याच्या जागेचे वर्णन आहे, आणि ते एखाद्या गोदामाच्या नियमावलीइतके नेमके आहे. खोलीचे दार पूर्वेला किंवा उत्तरेला असावे. जोराचा वारा आत येऊ नये, तरी एका बाजूने हवा खेळती असावी. आग, पाणी, दमट वाफ, धूर, धूळ, उंदीर आणि चतुष्पाद प्राणी यांना तिथे वाव नसावा. औषधी योग्य भांड्यांत घालून, नीट झाकून, शिक्यात टांगून ठेवाव्यात. संस्कृतातले 'शिक्य' म्हणजे आपले शिंकेच. सुश्रुताची यादीही घरगुती आहे: कापड, मातीचे भांडे, फळी आणि खुंटी.

इथे एक गंमत लक्षात घ्या. चरक धूर टाळायला सांगतो, आणि कोकणपट्टीत मात्र बियाण्याची कणसे चुलीवरच्या माळ्यावर, मुद्दाम धुरात ठेवण्याची रीत होती. विरोध वरवरचा आहे. बियाण्याला कीड लागू नये एवढेच पाहायचे असते आणि त्यासाठी कोरडा धूर उपयोगी पडतो. औषधीत मात्र गंध आणि रस जपायचा असतो. वेखंड किंवा सुंठ चुलीवर महिनोन् महिने राहिली, तर तिच्यातले उडून जाणारे तेल उष्णतेने निघून जाते आणि मागे धुराचा वास उरतो. ओलीपासून वाचवायचे आणि आचेपासूनही, असा हा दुहेरी पेच आहे. दमट किनाऱ्यावर तो अधिकच अवघड होतो.

आता वयाचा प्रश्न. यासाठी शार्ङ्गधरसंहितेइतका स्पष्ट जुना ग्रंथ दुसरा क्वचितच सापडेल. तेराव्या-चौदाव्या शतकातला हा ग्रंथ थेट मुदती देतो. कच्ची वनौषधी वर्षानंतर गुणहीन होते. चूर्ण दोन महिन्यांत कस गमावते. गुटिका आणि अवलेह वर्षभर टिकतात. औषधी तूप-तेलाच्या मुदतीवर मात्र अभ्यासकांत वाद आहे: मूळ शब्दांचा अर्थ काही जण चार महिने असा लावतात, तर काही जण वर्षावर चार, म्हणजे सोळा महिने. उलट आसव, धातू आणि रसौषधी जुन्या होतील तितक्या गुणवान, असे ग्रंथ म्हणतो. सर्व कामांसाठी द्रव्ये नवीनच वापरावीत, असा नियम घालून तो लगेच अपवादही देतो: वावडिंग, पिंपळी, गूळ, धने, तूप आणि मध जुने असलेले बरे. आणि गुळवेल, कुडा, अडुळसा, शतावरी यांसारख्या काही वनस्पती साठवूच नयेत, ताज्याच घ्याव्यात. या चारही डहाणूच्या परिसराला परक्या नाहीत.

'एक वर्ष' हाच आकडा का? माझा तर्क असा. हाच ग्रंथ बहुतेक औषधी शरदात गोळा करायला सांगतो, म्हणजे पाऊस ओसरल्यावर. त्या आश्विन-कार्तिकात वाळवल्या की पुढचे सात-आठ महिने कोरडे जातात. मग येतो एक पावसाळा. वर्षाची मुदत म्हणजे एकाच पावसाळ्याला तोंड देण्याची मुदत. दुसऱ्या पावसाळ्यापूर्वी साठा बदलला जावा, हा हिशेब त्यात आपोआप बसतो. ग्रंथकाराने असा खुलासा केलेला नाही. पण ज्याने ज्येष्ठात कोरडी असलेली सुंठ भाद्रपदात लिबलिबीत झालेली पाहिली आहे, त्याला तो पटावा.

चूर्णाचे वय इतके कमी का, हे समजायला प्रयोगशाळा लागत नाही. अख्खी मुळी सालीने झाकलेली असते; कुटली की तिचा कण न् कण हवेला उघडा पडतो. महाराष्ट्रातल्या घराघरांत हे ज्ञान बाळगुटीच्या रूपाने टिकले. हळकुंड, वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, हिरडा, सुंठ ही सगळी द्रव्ये अख्खी ठेवली जात. बाळाला देताना सहाणेवर एकेकाचे मोजके वेढे उगाळले जात, आणि मग मुळी पुसून, वाळवून पुन्हा डब्यात. पूड करून ठेवणे सोपे होते, तरी आजींनी ते केले नाही. (पुसून वाळवणे हा यातला कळीचा भाग. ओली मुळी तशीच डब्यात गेली, तर आठवड्यात बुरशी धरते.)

साठवणीचा इतिहास सत्तेपासूनही अलिप्त नाही. मोहाचे फूल हे या पट्ट्यातले खाद्य, औषध आणि मद्य, तिन्ही. वेचायचे, उन्हात वाळवायचे, पुढच्या दिवसांसाठी ठेवायचे. दारूच्या महसुलावर डोळा असलेल्या मुंबई सरकारने १८९२ साली खास मोहाच्या फुलांसाठी कायदा केला, आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत ती बाळगण्यावर निर्बंध आले. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. घरातल्या मडक्यात काय वाळवून ठेवले आहे, हा प्रश्न अबकारी खात्याचा झाला.

त्याच काळात औषध घरातून कारखान्याकडे निघाले होते. पनवेलला १८७२ साली धूतपापेश्वर सुरू झाले. मुंबईत सरकारी औषधभांडाराचे प्रमुख असलेले विल्यम डायमॉक यांनी सहकाऱ्यांसह १८९० ते १८९३ या काळात 'फार्माकोग्राफिया इंडिका' हा वनौषधींचा ग्रंथ सिद्ध केला. खरा बदल मात्र ग्रंथांत घडला नाही, तो बाजारात घडला. आणणारा, कुटणारा आणि घेणारा एकाच पाड्यावर असेपर्यंत मुळी कधी उपटली, हे सर्वांना ठाऊक असे. बाटली शेकडो मैल जाऊ लागली तेव्हा ती साखळी तुटली. १९३०-३१ च्या चोप्रा समितीने औषधांतल्या भेसळीची चौकशी केली, १९४० साली औषध कायदा झाला, आणि १९६४ च्या दुरुस्तीने आयुर्वेदिक, युनानी औषधे त्याच्या कक्षेत आली. तरीही त्यांच्या मुदतीचा नियम, १६१-ब, यायला २००९ साल उजाडले. २०१६ साली तो सुधारला गेला. आजच्या तक्त्यात चूर्णाला दोन वर्षे, औषधी तुपाला दोन, तेलाला तीन आणि आसव-अरिष्टाला दहा वर्षे आहेत.

शार्ङ्गधराचे दोन महिने आणि कायद्याची दोन वर्षे, बारापट फरक! यात कोणी एक चुकला असे मला वाटत नाही. छापील मुदत धरली जाते ती बंद डबीला. झाकण उघडून चमचा आत गेला आणि बाहेर डहाणूचा श्रावण असला, की ते चूर्ण पुन्हा शार्ङ्गधराच्या हिशेबात येते.

बुरशीला हसण्यावारी नेता येत नाही, याचा दाखला फार दूरचा नाही. १९७४ साली गुजरात-राजस्थानच्या सीमेवरील पंचमहाल आणि बांसवाडा भागांतल्या आदिवासी गावांत अवकाळी पावसाने मका भिजला, आणि त्यावर अफ्लाटॉक्सिन हे विष निर्माण करणारी बुरशी वाढली. सुमारे ४०० माणसे कावीळ आणि जलोदराने आजारी पडली, त्यांतील शंभराहून अधिक दगावली. तो मका होता, औषध नव्हे. पण तशीच बुरशी वाळक्या मुळ्या-सालींवरही येऊ शकते, आणि तिचे विष पुसून, खरवडून किंवा नेहमीच्या उकळण्याने जात नाही. बुरशीची मुळी धुऊन पुन्हा उन्हात टाकणे म्हणूनच धोक्याचे.

मग ओळखायचे कसे? मोडल्यावर मुळीचा कट्ट आवाज न होता ती वाकली, तर ओल शिरली आहे. मडक्याच्या तळाशी बारीक भुस्सा दिसला, तर कीड आत पोखरते आहे. वेखंडाला उग्र वास उरला नसेल, तर उरले ते निव्वळ लाकूड. चूर्णाच्या गुठळ्या, तेलाचा खवट वास, आसवाला आलेली शिरक्याची आंबट झाक, ही तशीच लक्षणे. मात्र दिसण्या-हुंगण्याला मर्यादा आहे: बुरशी झडून गेली तरी विष उरू शकते. संशय आला तर फेकलेले बरे.

कायद्यात आजही एक फट आहे. स्वतःच्या रुग्णांपुरते औषध बनवणाऱ्या वैद्य-हकिमांना निर्मितीच्या परवान्यातून सूट आहे, आणि आठवडी बाजारात सुटी विकली जाणारी मुळी कोणत्याच तारखेसह येत नाही. तिच्याबद्दल विकणाऱ्याला विचारायचा प्रश्न जुनाच आहे: ही कधी काढली, आणि यंदाचा पाऊस हिने कुठे काढला?