यकृतकृमीची रक्तचाचणी

यकृतकृमीची रक्तचाचणी : मेंढ्या व गुरे यांच्या रक्तरसातील प्रतिपिंडे मोजून कळपाला लिव्हर फ्लूक या पर्णकृमीचा संसर्ग झाला आहे का, हे ठरविण्याची पद्धत. थंड प्रदेशांत हा कृमी फॅसिओला हेपॅटिका, तर भारताच्या मैदानी भागांत मुख्यतः फॅसिओला जायगँटिका असतो. दोन्हींचा प्रसार पाणथळ जागच्या गोगलगायींमार्फत होतो.

गरज : गवताबरोबर पोटात गेलेले पिल्लू-कृमी आतड्याची भिंत भेदून यकृतात शिरतात व कित्येक आठवडे ते पोखरत पित्तनलिकांकडे सरकतात. अंडी घालतात ती त्यानंतर. फॅ. हेपॅटिकाची अंडी लेंड्यांत सापडायला साधारणपणे ८ ते १२ आठवडे लागतात. तीव्र रोगात मेंढी त्याआधीच दगावू शकते. प्रतिपिंडे मात्र २ ते ४ आठवड्यांत रक्तात उमटतात.

पद्धत : मानेच्या शिरेतील रक्त गोठणरोधक नसलेल्या नळीत घेतात. ते गोठल्यावर वर साचणारा पिवळसर रक्तरस वेगळा करून एलायझा पद्धतीने तपासतात. ९६ खळग्यांच्या तबकडीवर कृमीचे प्रतिजन बसविलेले असते. प्रतिपिंडे त्याला चिकटली की पुढील रसायनांनी रंग उमटतो व त्याचा गडदपणा यंत्राने मोजतात. जोडीला जीएलडीएच व जीजीटी ही विकरे पाहतात. पहिले यकृतपेशींची, दुसरे पित्तनलिकांची इजा दाखविते.

निष्कर्ष : औषधाने कृमी मेल्यावरही प्रतिपिंडे काही महिने टिकतात. त्यामुळे जुन्या मेंढीतील सकारात्मक निकाल संसर्ग होऊन गेल्याचे सांगतो, चालू असल्याचे नव्हे. औषध लागू पडले का, हेही त्यावरून ठरविता येत नाही; ट्रायक्लाबेंडाझोलला न जुमानणारे कृमी आढळू लागल्यापासून ही मर्यादा अधिक जाणवते. म्हणून खरा भरवसा पहिल्याच मोसमात चरणाऱ्या कोकरांवर ठेवावा. चिकातून मिळालेली आईची प्रतिपिंडे शरद ऋतूपर्यंत ओसरलेली असतात, म्हणून तेव्हा आढळणारी प्रतिपिंडे त्याच वर्षीच्या संसर्गाची. ब्रिटनमध्ये अशा ६ ते १० कोकरांचे रक्त ठरावीक अंतराने तपासतात. पहिला सकारात्मक निकाल येताच कळपाला औषध देण्याची वेळ कळते आणि विनाकारण औषध पाजणे टळते.

गुरे : दुभत्या कळपात एकत्रित दुधावरही हीच चाचणी करतात.

भारत : जठरातील पर्णकृमींच्या प्रतिपिंडांमुळे निकालात घोटाळा होऊ शकतो, म्हणून निदानाची भिस्त प्रामुख्याने शेणतपासणी व शवविच्छेदनावर असते.