खुर्च्यांची बस

पहाट व्हायची आहे. साल १९५६, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं माँटगोमेरी शहर. तुम्ही जॉर्जिया गिलमोरबाईंच्या स्वयंपाकघरात उभे आहात. कढईत कोंबडी तळली जातेय, टेबलावर सँडविचांची चळत वाढतेय. तेलाच्या धुराने तुमचे डोळे चुरचुरताहेत, पण थांबायची सोय नाही. कुणीतरी हातात कागद देतं आणि सँडविचं गुंडाळायला बसवतं.

मार्चमध्ये बाईंनी कोर्टात साक्ष दिली. ड्रायव्हरने भाड्याचे पैसे घेतले, मागच्या दाराने चढ म्हणून खाली उतरवलं आणि बस पुढे काढली, असं त्यांनी सांगितलं. त्यानंतर खानावळीतली नोकरी गेली, आणि घरीच चूल पेटली. हे जेवण आता ब्यूटी पार्लरमध्ये, लाँड्रीत, टॅक्सी स्टँडवर विकलं जाईल. बनवणाऱ्या-विकणाऱ्या बायकांची नावं कुठेही लिहायची नाहीत. गोऱ्या मालकिणीच्या कानावर गेलं तर घरकाम सुटेल. पैसे मात्र चर्चमधल्या सभेत पोचतात, भर सभेत मोजून सांगितले जातात.

त्या पैशांचं पेट्रोल होतं. बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध इथल्या काळ्या लोकांनी बहिष्कार पुकारलाय; ५ डिसेंबर १९५५ पासून ते बसमध्ये पाऊल टाकत नाहीत. कामावर जाणाऱ्यांना नेण्या-आणण्यासाठी शेकडो खासगी मोटारी धावताहेत. काही मोठ्या गाड्या तर चर्चच्या नावावरच घेतल्यात. विमा कंपन्यांनी हात वर केले, तेव्हा थेट लंडनहून विमा मिळवला. या लढ्यातली भाषणं आपण वाचलेली असतात. मला विचाराल तर मंडळी टिकली ती या हिशेबावर आणि या कढईवर.

आता डिसेंबरात या. चार स्त्रियांनी लढवलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबरला बसमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवलाय. त्याच दिवशी शहरातल्या न्यायालयाने मोटारींची सोय बंद पाडली. हुकमाचा कागद हाती पडेपर्यंत अजून महिनाभर पायपीट आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गाड्या.

या दिवसांत चर्चमध्ये पुढच्या बाजूला खुर्च्या मांडतात, मधे वाट सोडून, अगदी बससारख्या. एक जण ड्रायव्हर. काही जण गोरे उतारू, काही काळे. एक खुर्ची तुमची. शेजारचा तुम्हाला शिवी देतो. मग खांद्याने ढकलतो. ही तालीम आहे हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, तरी कानशिलं तापतात आणि हात उठतो. लगेच खेळ थांबतो. कुठे चुकलं यावर सगळे मिळून बोलतात. पुन्हा बसा. पुन्हा ढकला. १९ डिसेंबरच्या सूचनापत्रकातही हेच आहे: बढाई मारू नका, कुणी मारलं तर उलट मारू नका.

डोंगरावरच्या प्रवचनात येशूने वैऱ्यावर प्रीती करायला सांगितली, ती इथे अशी घोटून घेतली जाते, आणि तीही जिंकल्यानंतर. हरलेल्याने नमतं घेण्यात नवल नाही. कायदा आपल्या बाजूला आल्यावर हात आवरणं फार अवघड. माझी श्रद्धा आहे की टिकणारा बदल इथेच घडतो. क्रूसावर ख्रिस्ताने घाव सोसला, तो पुढे कुणाला दिला नाही. हे न शिकता मिळालेल्या सत्तेत नुसत्या जागांची अदलाबदल होते. वर कोण आणि खाली कोण, एवढंच बदलतं.

२१ डिसेंबरला सकाळी तुम्ही बसमध्ये पुढच्या बाकावर बसता. आठवडाभरात बसवर गोळ्या झाडल्या जातात. एका गरोदर बाईच्या पायांत गोळ्या शिरतात. १० जानेवारी १९५७ ला पहाटेआधी चार चर्चमध्ये आणि दोन पाळकांच्या घरांवर बॉम्ब फुटतात. त्यातलं एक घर रॉबर्ट ग्रेट्झ या गोऱ्या ल्यूथरन पाळकाचं. बहिष्काराच्या काळात तोही स्वतः गाडी चालवून लोकांना कामावर सोडत असे. शहरातली काळी माणसं संतापलेली आहेत, घाबरलेलीही. उत्तरादाखल गोऱ्यांच्या एकाही चर्चवर बॉम्ब पडत नाही.