साठवण-जाळ्यातील वाहतुकीचे निरीक्षण

अनेक संगणकांना सामाईक चकती-संचांशी जोडणाऱ्या स्वतंत्र जाळ्यास साठवण-जाळे किंवा स्टोरेज एरिया नेटवर्क म्हणतात. त्यातून जाणाऱ्या माहितीचे प्रमाण, वेग व विलंब सतत मोजणे म्हणजे त्यातील वाहतुकीचे निरीक्षण होय. हा विषय केवळ तंत्रज्ञांपुरता राहिलेला नाही. अंबड (जि. जालना) तालुक्यातील शेतकऱ्याचा सात-बारा पूर्वी तलाठ्याच्या दप्तरातून मिळे, दप्तर व ते वाचणारा एकाच खोलीत असत. २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा उतारा ऑनलाइन मिळू लागला. आता उतारा मागितला जातो अंबडला आणि अभिलेख असतो दूरच्या संगणककेंद्रात. पीककर्जाच्या दिवसांत उतारा निघण्यास वेळ लागला, की दोष गावच्या इंटरनेट जोडणीस दिला जातो. तो पुष्कळदा खराही असतो. परंतु अशा कोणत्याही केंद्रात संगणक व चकत्या यांच्यामधील मार्गावर रांग लागणे शक्य असते, आणि ती बाहेरून दिसत नाही.

रांगेचे गणित संगणकापेक्षा जुने आहे. डॅनिश गणितज्ञ ए. के. एर्लांग (१८७८–१९२९) यांनी कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीत असताना १९०९ व १९१७ मध्ये लिहिलेल्या निबंधांतून दूरध्वनी-वाहतुकीच्या शास्त्राचा पाया घातला. पुढे १९६१ मध्ये जॉन लिटल (१९२८–२०२४) यांनी सिद्ध केले, की व्यवस्थेत एका वेळी असणाऱ्या मागण्यांची सरासरी संख्या ही त्यांच्या आगमनाचा दर व प्रत्येकीचा सरासरी मुक्काम यांच्या गुणाकाराइतकी असते. सेकंदास ५,००० मागण्या येत असून प्रत्येकीस २ मिलिसेकंद लागत असतील, तर १० मागण्या वाटेत असतात. हाच काळ २० मिलिसेकंद झाला, तर १००.

आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये पहिला चकती-संच बाजारात आणला. तेव्हापासून दीर्घकाळ चकती विशिष्ट संगणकालाच जोडलेली असे व त्या संगणकावरील नोंदी निरीक्षणास पुरत. १९९० मध्ये त्याच कंपनीने मोठ्या संगणकांसाठी एस्कॉन ही प्रकाशतंतूंवरील जोडणी आणली. १९९४ मध्ये फायबर चॅनल हे अमेरिकी मानक संमत झाले. चकत्या सामाईक झाल्या आणि एकाच्या वाहतुकीचा दुसऱ्यास अडथळा होऊ लागला.

आरंभीची निरीक्षणपद्धती सर्वसाधारण जाळ्यांकडून उसनी घेतलेली होती. स्विचच्या प्रत्येक जोडणीवरील गणक दर पाच मिनिटांनी वाचावयाचा व सरासरी काढावयाची. पाच मिनिटांत एक सेकंद मार्ग पूर्ण भरला व एरवी रिकामा राहिला, तर ही सरासरी केवळ ०·३३ टक्के दिसते. आलेख निर्दोष आणि वापरणारा खोळंबलेला, ही तक्रार अनेक केंद्रांत ऐकू येई.

याहून गंभीर चूक वाहतुकीचे केवळ प्रमाण मोजण्यात होती. फायबर चॅनलमध्ये माहितीचा तुकडा, म्हणजे फ्रेम, पुढे पाठविण्यापूर्वी समोर जागा असल्याची हमी लागते. तिला क्रेडिट म्हणतात. क्रेडिट संपले, की पाठविणारा थांबतो. फ्रेम टाकून न देण्याची ही शिस्त साठवणुकीस आवश्यकच आहे. पण एखाद्या मंद संगणकाने क्रेडिट परत करण्यास उशीर केला, तर त्याच्यासाठीच्या फ्रेम स्विचमध्ये साचतात, दोन स्विचमधील सामाईक मार्ग अडतो आणि ज्यांचा त्या संगणकाशी काही संबंध नाही तेही ताटकळतात. अशा वेळी मार्गावरील वाहतूक वाढत नाही, घटते. कमी वाहतूक म्हणजे मोकळा मार्ग असे मानणारा निरीक्षक येथे हमखास फसतो.

त्यामुळे क्रेडिट शून्य असलेला काळ मोजणारे गणक स्विचमध्ये आले. प्रकाशतंतूतील प्रकाशाचा अल्प अंश वेगळा काढून, वाहतुकीस धक्का न लावता, प्रत्येक मागणी व तिचे उत्तर यांतील अंतर मोजणारी साधनेही रूढ झाली. अलीकडील फायबर चॅनल मानकांत कोंडीची सूचना स्विचने थेट संगणकास देण्याची सोय आहे. मात्र ती समजून मार्ग बदलणारी प्रणाली त्या संगणकावर असावी लागते.